कोरी कड

ता. ४ जून

ती. दादास,
टिल्लीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून तू तिकडे गाल फुगवून बसला असशील, तर खुशाल बस. मुख्य कचेरीतल्या माणसांना गाल फुगवायला वेळ असतो, आम्हा कारखान्यातल्यांना श्वास सोडायलाही नंबर लावावा लागतो. बाबा बरे आहेत. भूक चांगली, झोप बेताची, आणि माझ्यावर ओरडणं ठणठणीत. दादाला फोन तरी करा म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर येतं, की फोनवरचं बोलणं म्हणजे पाटीवरचं अक्षर, घरातल्या गोष्टी कागदावर हव्यात. म्हणून हा कागद.

आठ वर्षांत तू कारखान्यातल्या माझ्या तपासणीच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाहीस, म्हणून सांगते. सात बायका, सात टेबलं, सात स्टुलं. प्रत्येक टेबलावर एक यंत्र लॅपटॉपच्या कडेच्या पोर्टमध्ये पिन घालतं आणि काढतं, दहा हजार वेळा. पण सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पिन हाताने घालून बघायची, हा माझा नियम. यंत्राला पिन गेली एवढंच कळतं, ती कुरकुरत गेली का हे अंगठ्यालाच कळतं. मग वहीत तीनपैकी एक शब्द लिहायचा: घट्ट, सैल किंवा बरं. माझ्या हातचं ‘बरं’ मिळावं म्हणून माल देणारे पाया पडायचेच बाकी राहतात.

आता पत्राचं कारण. इथे कुजबुज आहे की तुझ्या नव्या पातळ लॅपटॉपला, त्या ‘कोरा’ला, एकच पोर्ट राहणार आणि बाकीची तीन जाणार. दादा, ती तीन पोर्टं गेली की माझी खोली गेली. एका पोर्टसाठी कोणी सात बायका ठेवत नाही. आमच्यातली सगळ्यात लहान चाळिशीची आहे आणि एकीलाही दुसरं काम येत नाही. कंपनीची पालकसभेची रीत मला नेहमीच आवडत आली आहे. लाकडाचा नमुना मध्ये ठेवायचा, आणि ज्या भागाची बाजू घ्यायला कोणी पालक उभा राहत नाही, किंवा राहून हरतो, तो भाग तिथल्या तिथे लांबी भरून बुजवायचा. त्या तीन पोर्टांची पालक म्हणून साहेबांनी माझं नाव दिलं आहे. तारीख कळव. पालकाला मिळतात ती तीन मिनिटं मी येऊन तुझ्याशी भांडणार आहे.

लोभ आहेच, तो निदान सभेपर्यंत टिकू दे.
तुझी,
टिल्ली

ता. १२ जून

चि. टिल्लीस,
अनेक आशीर्वाद, आणि उशिराबद्दल एक चापट.

कुजबुज खरी आहे. रागवायच्या आधी ऐकून घे. आपण लहानपणी बाबांच्या टेबलाखाली बसायचो ते आठवतं? नकाशा पुरा झाला की साहेबांकडे नेण्याआधी ते खोडरबर घेऊन बसत आणि नसली तरी चालेल अशी रेघ शोधत. मी दुसरं काय करतो? जुन्या पद्धतीच्या एका पोर्टपायी अख्खा लॅपटॉप जाड ठेवावा लागतो. कडेवरून बोट फिरवलं तर ते कुठे अडू नये, एवढंच मला हवं आहे. लोक तोंडाने सगळी पोर्टं मागतात आणि दुकानात गेले की पातळ तेच उचलतात.

सभा २ जुलैला आहे, पण तू येऊ नकोस. तू वह्या आणशील, आकडे वाचशील, तुझा आवाज चढेल, आणि मला माझ्याच बहिणीला चाळीस माणसांसमोर गप्प करावं लागेल. आकडेवाल्यांना मी तीन मिनिटांत गुंडाळतो. त्यापेक्षा पत्र लिही. एकच माणूस निवड, ज्याचं त्या तीन पोर्टांवाचून खरोखर अडतं. कचेरीची भाषा नको, आपली घरची लिही. त्याचं टेबल, त्याच्या वायरी, त्याची पंचाईत. फोटो असला तर उत्तम. मी स्वतः वाचून दाखवीन, त्यातला शब्द गाळणार नाही. तुझी बाजू तुझ्यापेक्षा मी चांगली मांडेन, हे तुलाही माहीत आहे.

बाबांची छापील पत्रं बघून मजा वाटते. जन्मभर अक्षराचा तोरा मिरवणारा माणूस म्हातारपणी टाइप करायला लागला. मला लिहितात की छापलेलं स्वच्छ दिसतं. बघ, स्वच्छतेचं वेड कुठून आलं ते.

तब्येत सांभाळ, जीभही सांभाळ.
तुझा,
दादा

ता. २० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू एक माणूस मागितलास. चार दिवस मी दुसरा कुणी सापडतो का ते बघितलं. शेवटी आपल्याच घरातला सांगते आहे. हे बाबांना कधीही कळता कामा नये.

अडीच वर्षांपासून बाबांचा उजवा हात कापतो. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तिथून घरी येताना बाबांनी मला शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही, थोरल्याला तर नाहीच. ज्या हाताने नद्यांच्या केसासारख्या रेघा काढल्या, त्या हाताने पेन धरलं की कागदावर किडे पडतात, असं ते एकदाच बोलले. पेनं त्यांनी फेकली नाहीत. धुतली, पुसली, डबीत भरली आणि डबी माझ्या हातात दिली. फेकली असती तर मला बघायला सोपं गेलं असतं.

त्यांचा लॅपटॉप आपल्याच कारखान्यातला, जुना आणि जड. त्याच्या एका पोर्टला मोठ्या बटणांचा कीबोर्ड आहे, एकेक बटण काडेपेटीएवढं. दुसऱ्याला संत्र्याएवढ्या गोळ्याचा माऊस, जो तळहाताने फिरवता येतो. तिसऱ्याला प्रिंटर. तिन्ही वायरी मी एकदा लावल्या, त्यानंतर काढलेल्या नाहीत. बाबा फक्त झाकण उघडतात आणि बसतात. बिनवायरीचं सगळं आणून पाहिलं. हात लागून बारीकसं बटण बंद होतं किंवा बॅटरी संपते, आणि मी कामावरून येईपर्यंत ते ती वस्तू मांडीवर घेऊन बसून राहतात.

एकदा प्रिंटरची पिन निसटली होती. मी लवकर घरी आले, तर बाबा ती लावायचा प्रयत्न करत होते. वीस मिनिटं. पिन पोर्टच्या आजूबाजूला टकटक आपटत होती. ज्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द ऐकला नाही ते बाबा आपल्या हाताला आईबहिणीवरून शिव्या देत होते आणि रडत होते. मी दाराआड उभी होते. आत गेले नाही. पाहिलं हे कळलं असतं तर त्यांनी मला जन्मात क्षमा केली नसती. ते झोपल्यावर मी पिन लावून ठेवली आणि सकाळी ते मला म्हणाले की पिन त्यांनीच बसवली.

तुला येतं ते प्रत्येक पत्र तीन दिवसांचं काम असतं. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं आहे.

फोटो पाठीमागून काढला आहे, त्यांना माहीत नाही. चेहरा दिसत नाही. हात, बटणं आणि वायरी दिसतात. हात हलत होता म्हणून तेवढाच भाग धूसर आला आहे. मी शपथ मोडते आहे, आणि माझ्या खोलीसाठी मोडते आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. सभेत एक निवृत्त आरेखक एवढंच म्हण.

माझ्यावर नसला तरी त्यांच्यावर लोभ असू दे.
तुझी,
टिल्ली

ता. ६ जुलै

चि. टिल्लीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शब्दशः वाचलं. निवृत्त आरेखक म्हणालो, नातं सांगितलं नाही. शिव्यांचा भाग आला तेव्हा दोघीतिघींनी डोळे पुसले. तू इतकं चांगलं लिहितेस हे मला माहीत नव्हतं.

मग फोटो पडद्यावर लावला. विक्रीप्रमुख बाई म्हणाल्या की हे टेबल नाही, दवाखान्यातली खाट वाटते, आणि लोक आपला माल घेतात ते असं होण्याची भीती विसरायला. कोणीतरी काडेपेटीएवढ्या बटणांवर काहीतरी बोललं. एक हसला, मग हसू पसरत गेलं. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. त्यानंतर मतं मोजायची गरज उरली नाही. तिन्ही पोर्टांत लांबी मी माझ्या हाताने भरली. पुसून झाल्यावर नमुना सगळ्यांनी हातात घेतला आणि कोणालाच तो खाली ठेववेना, इतका तो सुंदर दिसत होता.

तुझ्या लेखणीनेच घात केला. जरा वाईट लिहिलं असतंस तर एखादं पोर्ट वाचलंही असतं. आता तो फोटो १ ऑगस्टच्या अनावरणात पहिला असेल. वर ‘आधी’ लिहायचं, आणि पुढच्या चित्रात ‘कोरा’ एकटा. बाबांचा चेहरा नाही, तेव्हा तू उगाच डोळ्यांत पाणी आणू नकोस. खोली ऑगस्टात बंद होईल. खोकी बंद करण्याच्या विभागात तुझ्यासाठी शब्द टाकून ठेवला आहे, तिथेही अंगठ्याचंच काम आहे. आणि पहिला ‘कोरा’ मी बाबांनाच पाठवणार.

राग दोन दिवसांत उतरेल, तोवर पत्र लिहू नकोस.
तुझा,
दादा

ता. १३ जुलै

ती. दादास,
नमस्कार लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

केसाने गळा कापणं नुसतं ऐकलं होतं. तू वचन पाळून कापलास, शब्द न गाळता. पोटातली गोष्ट मी तुझ्या हातात दिली आणि तू ती चाळीस माणसांत फिरवलीस.

तू दहा वर्षांचा असताना आईच्या कपाटाच्या मुठी काढून टाकल्या होत्यास, दार सपाट दिसावं म्हणून. आई आठ दिवस सुरीने कपाट उघडत होती आणि बाबा आल्यागेल्याला ते दार दाखवत होते. तेव्हाच तुझ्या पाठीत धपाटा बसला असता तर आज बरं झालं असतं. वहिनी सोडून गेली तेव्हा तू मला लिहिलं होतंस की घर किती मोकळं वाटतं. मी वेडी, मला वाटलं दुःखाने लिहिलं आहेस.

खोलीचं मी काही मागत नाही. सौदा मीच केला आणि तोंडावर आपटले. सहाजणींना सांगून टाकलं. एक बोलली, की तुझा भाऊ आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण तो फोटो तिथून काढून टाक. अनावरण घरी पडद्यावर बघायला बाबांनी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलावून ठेवलं आहे. आपलं टेबल ते शंभर पावलांवरून ओळखतील.

एवढं केलंस तर पुन्हा सा. न. वि. वि. लिहीन.
टिल्ली

ता. ४ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अनावरण पाहून तुमचं कौतुकाचं पत्र येईल असं वाटलं होतं. आलं नाही, म्हणून मीच लिहितो. सोबतच्या खोक्यात पहिला ‘कोरा’ आहे. कारखान्यातून निघालेला अगदी पहिला. त्याची कड बघा आणि त्यात खोडण्यासारखी एक तरी रेघ सापडते का ते कळवा.

पडद्यावरचं टेबल तुम्ही ओळखलं असणार. त्याबद्दल माझ्याविषयी गैरसमज नको. फोटो मी काढला नाही, मी तिच्याकडे एका माणसाची हकीकत मागितली होती, ती तुमची नव्हे. तुमच्या हाताचं मला काहीच ठाऊक नव्हतं. टिल्लीने आपली खोली वाचवण्यासाठी तो चोरून काढला आणि सोबत पानंच्या पानं लिहिली. ते पत्र जसंच्या तसं जोडतो, म्हणजे कोणी काय केलं ते तुम्हीच ठरवाल. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं.

प्रकृतीला जपावं. आशीर्वाद असावेत.
आपला,
थोरला

ता. १४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काम आहे म्हणून नमस्कार पूर्ण लिहिला.

तुझं पत्र आणि त्यातलं माझं पत्र बाबांनी एका बैठकीत वाचलं आणि दोन्ही खिशात ठेवली. मला खुर्ची आणायला सांगितली. दाराआडून नको, आता समोर बसून बघ, असं म्हणाले. मग तिन्ही वायरी त्यांनी स्वतः काढल्या. अर्धा तास लागला. मी उठायला लागले की नुसते बघत, आणि मी परत बसत होते. नंतर ‘कोरा’ खोक्यातून काढून मांडीवर घेतला आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. एकही फालतू रेघ नाही, असं म्हणाले. त्यांचा चेहरा मी किती वर्षांनी असा पाहिला. तुझी कारागिरी खोटी नाही, दादा, तेवढं मी कबूल करते.

पण त्यावर त्यांना लिहिता येत नाही. त्याची बटणं सपाट, बोट थरथरलं की एका अक्षराची पाच उमटतात. त्या एकुलत्या पोर्टला एकाची अनेक पोर्टं करणारा हब लावून मी त्यात तिन्ही वायरी घातल्या. वायरी जाड आणि लॅपटॉप कागदासारखा हलका, त्यामुळे कीबोर्डवर हात आदळला की तो टेबलावरून सरकतो आणि हब निसटतो. परवा दोन दिवस लिहिलेलं पत्र असंच गेलं. जुना लॅपटॉप मी पुढे केला तर त्यांनी तो जमिनीवर ठेवायला लावला. तेव्हापासून ते टेबलाशी बसतात, झाकण उघडतात, कडेवर हात ठेवतात आणि जेवायच्या वेळी उठतात.

माझी खोली दहा तारखेला बंद झाली. स्टुलं दुसऱ्या मजल्यावर नेली. दोघी खोक्यांच्या कामाला गेल्या, मी नाही गेले.

मला तुझ्याकडून एकच ओळ हवी आहे. बाबांना लिही की तुमच्यासाठी जुना लॅपटॉपच योग्य, मी सांगतो म्हणून वापरा. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. तुझ्या एका ओळीने त्यांचं लिहिणं वाचेल. मी पाया पडते.

टिल्ली

ता. २० ऑगस्ट

चि. टिल्लीस,
आशीर्वाद.

तसं लिहिता येणार नाही. ‘कोरा’ माझा, आणि तो माझ्याच बापाच्या उपयोगाचा नाही, हे मी माझ्या सहीने कागदावर द्यायचं? घरच्या पत्रांचं पुढे काय काय होतं ते तू मला नको सांगूस. सरावाने जमेल. नवीन वस्तूचं वळण माणसाने लावून घ्यावं.

तुझा,
दादा

ता. २ सप्टेंबर

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे अक्षर टिल्लीचं आहे, मजकूर माझा. मी बोलतो आणि ती लिहिते. माझ्याविषयी लिहायची तिला हौस आहेच, तर ती माझ्यासमोर भागू दे.

‘कोरा’ पोचला. तीन आठवडे रोज पाहतो आहे. खोडण्यासारखं काही सापडलं नाही. मला जन्मात असा एक नकाशा जमला नाही. त्यावर मला लिहिता येत नाही हे खरं, पण चांगल्या वस्तूने माझ्या हातासाठी जाड का व्हावं? जुना लॅपटॉप मी वायरींसकट भंगारवाल्याला दिला. टिल्लीने तो दोनदा परत आणला. तिसऱ्यांदा मी त्याला तो अंगणातच हातोडीने फोडायला लावला. हे वाक्य लिहिताना ती थांबली होती. लिही म्हटल्यावर लिहिलं.

तू लोकांना माझ्या हातावर हसवलंस, त्याचा मला राग नाही. आमच्या कचेरीत माझ्या वरच्या आरेखकाचा हात कापायला लागला होता. तो ते लपवत होता. मी त्याची एक वाकडी रेघ भिंतीवर टाचून ठेवली. सगळे हसले, आणि महिन्याभरात त्याची खुर्ची मला मिळाली. त्यामुळे तुझं मला काही नवल वाटलं नाही. तू माझाच मुलगा आहेस. ही कुणाची, ते कळत नाही. मी तिला एक गोष्ट सांभाळायला दिली होती. तिने ती सात स्टुलांना विकली, आणि स्टुलंही हाती लागली नाहीत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला निदान लाकूड तरी तोडता येतं.

तिची खोली बंद झाल्याने ती आता दिवसभर घरी असते, म्हणून मला लिहायला आणि वाचायला माणूस मिळाला. डोळ्यांनाही आजकाल थकवा येतो. यापुढे माझी पत्रं अशीच येतील. मी तिला उठू देत नाही, आणि तीही उठत नाही. तुझी पत्रं माझ्या नावाने पाठवत जा, लांबलचक पाठव. तिच्याबद्दल मनात जे काही असेल ते संकोच न ठेवता लिही. मोठ्याने वाचून तीच दाखवणार आहे.

कळावे, आशीर्वाद आहेतच.
तुझा,
बाबा
(सही टिल्लीने केली.)